संस्थेचं दप्तर आणि संस्थेची माणसं

(खानदेशातील कार्यकर्त्यांच्या वार्षिक बैठकीत धुळे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘सामाजिक संस्थांच्या अभ्यासाच्या पद्धती’ असा विषय मला दिलेला आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून मागच्या रांगेत कोणीतरी चहा किती वाजता आहे, हे विचारलं. मला ऐकू आलं. विषयाचं नाव खरंच रुक्ष आहे. पण त्याच्यावर या वर्षी बरंच काही अवलंबून आहे. जूनअखेर आपल्या तीन वर्षांच्या कामाचं मूल्यमापन देणगीदारांकडे जाणार आहे. चोपडा तालुक्यातल्या आपल्या मुलींच्या वसतिगृहापुढे आत्ताच पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं आहे: जागा आहेत तेवढ्या मुली राहत नाहीत, मग चालू ठेवावं का? आणि साक्रीकडच्या बचत गटांपुढे बरोबरची खूण आहे: वसुली उत्तम, कर्जाची रक्कम वाढवावी. माझं म्हणणं असं, की हे दोन्ही निष्कर्ष अपुऱ्या पाहणीवरून काढलेले आहेत. फॉर्म भरणाऱ्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही. फॉर्मनं विचारलं तेवढंच त्यांनी लिहिलं.

गणनाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आपल्याला पाठ आहे. मोशे बारा हेरांना कनान देशात पाठवतो आणि त्यांच्याबरोबर प्रश्नांची यादी देतो. जमीन सुपीक आहे की नापीक, लोक थोडे आहेत की पुष्कळ, राहतात ते उघड्या तळांवर की तटबंदीत, झाडं आहेत की नाहीत, आणि येताना तिथलं फळ घेऊन या. उत्तम प्रश्नावली आहे. चाळीस दिवस बारा जण एकच देश पाहून आले. शहरं, तटबंदी, द्राक्षांचा घड, याबद्दल त्यांच्यात मतभेद नव्हता. पण त्यांतले दहा जण शेवटी सांगतात की तिथल्या धिप्पाड लोकांच्या नजरेत आपण टोळासारखे होतो. हे त्यांना कोणी सांगितलं? त्यांनी कोणाला विचारल्याचं त्या अध्यायात तरी लिहिलेलं नाही. पाहिलेलं आणि मनात आलेलं त्यांनी एकाच अहवालात मिसळलं, आणि त्या अहवालावर एका राष्ट्राची चाळीस वर्षं गेली.

नहेम्याची रीत वेगळी. यरुशलेमेत आल्यावर तीन दिवस तो कोणाशी काही बोलत नाही. मग रात्री मोजकी माणसं घेऊन निघतो आणि पडलेला कोट स्वतः फिरून पाहतो. अधिकाऱ्यांनाही पत्ता नाही. योजना तो त्यानंतर मांडतो. आपल्याकडे पाहुणे जीपमधून उतरतात तेव्हा हार तयार असतात आणि मुलींनी नवे फ्रॉक घातलेले असतात. कोट कुठे पडलाय ते दिसणार कसं?

आता दप्तराकडे येते. धर्मशास्त्राच्या पदविकेच्या वर्गात आम्हाला एक सवय लावली होती. कोणतंही पत्र वाचण्याआधी विचारायचं: कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, कशासाठी लिहिलं. पौलाची करिंथकरांस पत्रं वाचताना हे लगेच कळतं. तो ज्या प्रश्नांना उत्तरं देतो आहे त्यांतले कितीतरी पत्रात लिहिलेले नाहीत, ते आपल्याला उत्तरावरून ओळखावे लागतात. बचत गटाचं प्रोसिडिंग बुक मी तसंच वाचते. लिहिणारी कोण? बहुतेक वेळा गटातली एकटी दहावी झालेली सून, नाहीतर आपलीच कार्यकर्ती. कोणासाठी? बँकेसाठी. म्हणून तिथे प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असतो. भांडण झालेली बैठक कोरम नाही म्हणून रद्द झालेली असते. एका गटाच्या वहीत मला सलग चार महिने एकाच पेनानं, एकाच शाईत केलेल्या नोंदी दिसल्या. कोणाला पकडायचं म्हणून हे सांगत नाही. वही एका दिवशी बसून पूर्ण केली, एवढं ती वही आपल्याला सांगते, आणि तेही उपयोगी आहे.

आपण बसलो आहोत ते धुळे शहर कागदपत्रांच्या अभ्यासासाठी महाराष्ट्राला माहीत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली इथेच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे आहे. गावोगावच्या वाड्यांतून दप्तरं मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड प्रसिद्ध केले. अस्सल कागदाशिवाय बोलू नये, हा त्यांचा आग्रह आजही घेण्यासारखा आहे. पण वाड्यात दप्तर असतं, पाड्यावर नसतं. भिल्ल, पावरा, कोकणा, तडवी यांच्याबद्दलचे जुने कागद बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेले, आणि त्यांतले कितीतरी बंदोबस्तासाठी लिहिलेले. पारध्यांची तर सरकारी हजेरी घेतली जायची. म्हणून रजिस्टर घेऊन आलेल्या माणसाला पाहून एखादी म्हातारी आत निघून गेली, तर ती अडाणी आहे असं समजू नका.

मोठ्या संस्थेचा अभ्यास खालून कसा करता येतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच माणसांचं आहे, फक्त ते घडलं गुजरातेत. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ दक्षिण गुजरातमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करत होते. बारडोली भागातल्या सहकारी साखर कारखान्यांवर १९७८ साली त्यांचा मोठा लेख आला. बारडोली म्हटलं की आपल्याला १९२८चा शेतकऱ्यांचा सत्याग्रह आठवतो. तिथले सहकारी कारखाने म्हणजे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या प्रगतीचा नमुना, असं तेव्हा सगळे मानत. कारखान्याचा वार्षिक अहवाल घेतला तर त्यात सभासद, गाळप, उतारा, उसाचा भाव हे सगळं व्यवस्थित. त्या अहवालावरून संस्थेचा अभ्यास केला असता तर ‘उत्तम संस्था’ हाच निष्कर्ष निघाला असता.

ब्रेमन उसाच्या फडात गेले. तिथे त्यांना खानदेशची माणसं भेटली. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्यापर्यंत तिथे राहणारी, शेताकडेला खोपटी घालून झोपणारी. कारखाना त्यांच्या श्रमावर चालत होता, पण कारखान्याच्या लेखी ती माणसं जवळजवळ नव्हतीच. व्यवहार मुकादमाशी होता. मोजमाप ‘कोयता’ या एककात होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हाताखाली मूल असलं तरी त्याचं नाव कुठे नाही. आपल्याकडे एकट्या माणसाला अजूनही ‘अर्धा कोयता’ म्हणतात, तुम्ही ऐकलं असेल. ज्या बाईनं सहा महिने मोळ्या बांधल्या, ती हिशोबात अर्धं अवजार.

पद्धतीच्या दृष्टीनं ब्रेमन यांनी काय केलं ते पाहा. सहकारी कारखाना म्हणजे काय, हे त्यांनी सभासदाला विचारून थांबवलं नाही. ही संस्था चालते कोणाच्या कष्टावर, आणि त्यांतल्या कोणाची नावं तिच्या कागदावर नाहीत, हे शोधलं. कोणत्याही संस्थेला लावता येईल असा हा प्रश्न आहे. आपल्या संस्थेलाही.

तोच प्रश्न घेऊन मी साक्री तालुक्यातल्या एका गटाकडे गेले. वसुली शंभर टक्के, कागदावर एक पैसा थकबाकी नाही. पासबुकात तारखा पाहिल्या. श्रावण-भाद्रपदात हप्ते मागे पडत होते आणि दसऱ्याच्या आसपास आठ-दहा दिवसांत सगळ्यांचे एकदम भरले जात होते. शेतीचा पैसा असता तर तो दिवाळीनंतर, माल विकल्यावर आला असता. ‘हप्त्याचे पैसे कुठून आणले?’ असं मी विचारलं नाही. असं विचारलं की बाई म्हणते, ‘मजुरीतून, ताई.’ ओसरीवर ज्वारीचे दाणे घेतले आणि म्हटलं, मागच्या पोळ्यापासून होळीपर्यंत घरात पैसा कधी कधी आला आणि कुठे गेला, ते मांडून दाखवा. एकीनं मांडायला सुरुवात केली, दुसऱ्या दोघी तिला दुरुस्त करायला लागल्या, आणि अर्ध्या तासात चित्र समोर आलं. दसऱ्याच्या आधी मुकादमाची उचल येते. उचलीतून गटाचा हप्ता जातो. मग ती उचल फेडायला नवरा-बायको ऊसतोडीला जातात, आणि धाकट्या पोरांना आजीकडे ठेवतात किंवा बरोबर नेतात.

म्हणजे गटाचं कर्ज फिटलं हे खरं, पण ते फिटलं पुढच्या सहा महिन्यांच्या अंगमेहनतीच्या आगाऊ पैशातून. सगळ्या गटांत असंच असेल असं मी म्हणत नाही. हा एक गट आहे. पण जिथे हे असेल तिथे कर्जाची रक्कम वाढवली तर उचलही वाढेल. बरोबरच्या खुणेमागचं हे आधी तपासायला हवं. फॉर्ममध्ये ‘वसुली टक्के’ हा रकाना आहे. ‘हप्त्याचा पैसा कोणत्या महिन्यात, कुठून आला’ हा रकाना आपला आपण जोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

याच्याशी जोडूनच सांगते. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकांनी १९८३ साली लिहिलेल्या ग्रामविकासावरच्या पुस्तकात बाहेरून येणाऱ्या माणसाच्या नजरेला पडणाऱ्या अडचणी नोंदवल्या आहेत. तो डांबरी रस्त्यालगतची गावं पाहतो. पाऊस संपल्यावर येतो. जिथे प्रकल्प चालू आहे तिथेच जातो. पुढाऱ्यांना, पुरुषांना, बोलक्यांना भेटतो. आणि अवघड विषय शिष्टाचारापोटी टाळतो. आपल्या पाहण्या डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण हवा चांगली असते. त्या वेळी चाळीसगाव-साक्रीकडच्या कित्येक पाड्यांवर म्हातारी माणसं आणि कोंबड्या. निम्मं गाव फडात. पाहणी जुलैत करा, चिखलात. बोराडीच्या पुढे गाडी जात नाही तिथून पुढे चाला.

शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १९९८ सालच्या विभाजनाआधी तो धुळे जिल्ह्याचाच तालुका होता. तिथे अंबरसिंग महाराज सुरतवंती यांच्या कामातून आणि १९७२ सालच्या श्रमिक संघटनेतून आदिवासींची चळवळ उभी राहिली. त्या संघटनेचा जितका अभ्यास झाला तितका खानदेशातल्या दुसऱ्या आदिवासी संघटनेचा झाल्याचं माझ्या वाचनात नाही. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ साली शहाद्याच्या चळवळीवर लिहिलं. दारूविरोधात बाया कशा उठल्या हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे संशोधनपद्धतीवर लिहिताना त्यांनी वरून पाहणं सोडून खालून पाहण्याचा आग्रह धरला. अमृता बसू यांनी ‘टू फेसेस ऑफ प्रोटेस्ट’ या १९९२ सालच्या पुस्तकात याच संघटनेची तुलना पश्चिम बंगालमधल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी केली. एक मोठा, शिस्तीचा, सत्तेतला पक्ष आणि एक लहान स्थानिक संघटना. दोन्ही गरिबांच्या बाजूच्या. मग कुठे बायका जास्त पुढे येतात आणि का? एकाच संस्थेकडे पाहत बसलो तर तिची रीत हीच जगाची रीत वाटते. दुसरी शेजारी ठेवली की प्रश्न सुचतात.

आणि त्याच संघटनेत वाढलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. व्यासपीठावर कोण बसतं, खाली कोण बसतं आणि कोणाचं दुःख कोण सांगतं, हा तिचा विषय. बाहेरच्या विद्वानांना ती संघटना जशी दिसली, त्यात एक गोष्ट आतल्या माणसानं आपणहून भरली. ती संघटना आदिवासींच्या बाजूची होती, तरी हा प्रश्न तिथे निर्माण झालाच. आपल्या मेळाव्यांत आज खुर्च्यांवर कोण आहे आणि सतरंजीवर कोण, हे वळून पाहायला हरकत नाही. (हसू नका, मीही खुर्चीवरच बसले होते.)

आता वसतिगृह. ‘मुली समाधानी आहेत का?’ हा प्रश्न आपण वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना विचारतो. ज्या समाधानी नव्हत्या त्या तिथे नाहीत. त्या होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला घरी गेल्या आणि परत आल्या नाहीत. या वर्षी अशा पाच मुली आहेत. पटावर त्यांच्यापुढे ‘गैरहजर’, पुढे ‘नाव कमी’ आणि कारणाच्या रकान्यात ‘पालकांची उदासीनता’ असं आहे. ते कारण लिहिणाऱ्यानं पालकांना पाहिलेलं नव्हतं. टोळाची गोष्ट आठवा.

त्यांतल्या दोन घरी मी गेले. बरोबर पावरी बोलणारी एक मुलगी होती. मी कमी बोलले, ती जास्त बोलली. पहिल्या घरी मुलीची आई बराच वेळ काही बोलेना. मग मक्याची कणसं सोलता सोलता तिनं सांगितलं, की पोर सुटीत आली तेव्हा दिवस मावळला की पाणी पीत नव्हती. घरीसुद्धा. का पीत नाहीस विचारलं तर म्हणाली, रात्री उठावं लागतं. आपलं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे आहे. वाटेवरचा दिवा पावसाळ्यापासून बंद. पाचवीतली पोर अंधारात एकटी जाणार नाही आणि मोठ्या मुलींना उठवायला लाजते. दुसऱ्या घरी कारण आणखी वेगळं निघालं, पण दिव्याची गोष्ट तिथेही आपणहून आली.

आपल्या फॉर्ममध्ये लिहिलंय: स्वच्छतागृह आहे काय? होय. वापरात आहे काय? होय. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी आहेत.

परतल्यावर मी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘माहीत आहे की. संध्याकाळचा पाण्याचा पिंप भरलेलाच राहतो.’ त्यांना याआधी कोणी का विचारलं नव्हतं? कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही, रोजावर आहेत. मूल्यमापन समितीनं यादीतल्या सर्व कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. बारडोलीचा कारखाना आणि आपलं वसतिगृह यांची बरोबरी मी करत नाही. पण ज्यांचं नाव कागदावर नाही त्यांना संस्थेबद्दल सगळ्यात जास्त माहीत असतं, हे दोन्हीकडे सारखंच.

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रसिद्ध प्रयोग झाले. सुरुवात दिव्यांच्या उजेडापासूनच झाली, हा योगायोग. त्या प्रयोगांच्या अर्थाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले. मला त्यातली मुलाखतींची गोष्ट महत्त्वाची वाटते. वीस हजारांहून अधिक कामगारांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की ठरवून नेलेल्या प्रश्नांनी कामगार बोलत नाही, त्याला सांगायचं असतं ते वेगळंच असतं. मग त्यांनी प्रश्न बाजूला ठेवून त्याला बोलू दिलं. आपल्याकडे एका पाहणीत पंचेचाळीस प्रश्न आणि एका घरासाठी वीस मिनिटं असतात. पाणीही न पिता आपण निघतो.

विचारणारा कोण, हा प्रश्न तर सगळ्यात अवघड. गणवेश देणारी मीच, शिफारसपत्र लिहिणारी मीच, आणि ‘आमचं काम कसं वाटतं?’ असं विचारणारीही मीच. याचं उत्तर ‘चांगलं आहे, ताई’ याशिवाय काय येईल? म्हणून यंदा जळगावच्या कार्यकर्त्यांनी धुळ्याकडचं काम पाहावं आणि धुळ्याच्यांनी जळगावकडचं, अशी माझी सूचना आहे. मुलाखतीत नाव लिहायचं नाही. कोणी नको म्हटलं तर त्याला लागू असलेली कोणतीही मदत थांबणार नाही, हे आधी त्याच्या भाषेत सांगायचं. आणि जे लिहू ते त्याच पाड्यावर जाऊन वाचून दाखवायचं, देणगीदारांकडे जाण्याआधी. तिथे लोक ‘असं नव्हतं’ म्हणाले तर तेही लिहायचं.

‘तोंडी सांगितलेलं पुरावा म्हणून कसं धरायचं?’ असं आपले हिशोबनीस भाऊ विचारतील. वनहक्क कायद्याच्या नियमांत तेरावा नियम पाहा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन तिथे पुराव्यात धरलेलं आहे. शिरपूर, चोपडा, यावलच्या जंगलपट्ट्यात किती दाव्यांना अशा निवेदनांचा आधार घेतला, ते तुम्हीच कागद तयार केलेत, तुम्हाला माहीत आहे. सरकार जे ऐकून घेतं ते आपण ऐकायला काय हरकत आहे? त्याच नियमांत २०१२च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. अंगठे मोजले की गणपूर्ती होते. पण अभ्यास करायचा तर ग्रामसभेत एका कडेला बसा, कोण कुठे बसलंय याचा नकाशा वहीत काढा, आणि कोण किती वेळा बोललं, कोणत्या भाषेत, एवढीच खूण करत जा. मत विचारू नका. तीन सभांनंतर त्या वहीकडे बघा.

कामाचं बोलते आणि थांबते. वसतिगृहाच्या वाटेवरचा दिवा मागच्या आठवड्यात लावला आहे. त्यासाठी मूल्यमापनाची वाट पाहायची गरज नव्हती. प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे. पाचपैकी तीन मुलींच्या घरी कोणी गेलेलं नाही, आणि दोन घरांवरून मी निष्कर्ष लिहिणार नाही. तिन्ही पाडे वैजापूरच्या वरच्या अंगाला आहेत, पायी जावं लागेल, रात्री मुक्काम करावा लागेल. पावरी येणाऱ्या दोन बहिणी हव्यात, शक्यतो धुळ्याकडच्या, ज्यांना तिथे कोणी ओळखत नाही. नावं जेवणाच्या सुटीत माझ्याकडे द्या. साक्रीच्या गटांसाठी पासबुकांच्या झेरॉक्स हव्यात, पोळा ते होळी, मागच्या दोन वर्षांच्या. ते काम जळगावच्या भावांनी घ्यावं.